भोक पाडण्याआधी

मोसिन-नागां या जुन्या रशियन लष्करी रायफलीवर ‘पीयू’ दुर्बीण बसवायची हौस अमेरिकेतल्या अनेकांना ‘एनिमी ॲट द गेट्स’ या २००१च्या सिनेमाने लावली. मलाही त्यानेच. त्या सिनेमाचा नायक म्हणजे स्टालिनग्राडचा नेमबाज वासिली झाइत्सेव. त्याची खरी रायफल व्होल्गोग्राडच्या संग्रहालयात आहे. आपल्या वाट्याला साध्या शिपायाची ९१/३० मोसिन आणि हल्ली घडवलेला माउंट. तसा संच मी इथे ओहायोत मागवला आणि माउंटच्या बेससाठी रायफलीला भोकं पाडायला एका कारागिराकडे दिला. बंदूक परत आली ती देखणी. पण शंभर मीटरवरून गोळ्या कागदाला शिवेनात. दुर्बिणीवरचे नेम जुळवायचे ड्रम फिरवत गेलो, तर निशाणाचा खुंटा भिंगाच्या डाव्या कडेला जाऊन बसला, तरी पुरेना.

आजच्या दुर्बिणीत ड्रम कितीही फिरवा, खूण मधोमधच दिसते. पीयूमध्ये ड्रमबरोबर खुंटा डोळ्यादेखत सरकतो. त्यामुळे या दुर्बिणीचा नेम मुळात माउंटमध्ये साधायचा असतो, ड्रम फक्त उरलेली कसर काढायला. माउंट पुढे बेसवरच्या एका गोळ्यावर टेकतो आणि मागे वर-खाली दोन स्क्रूंमध्ये धरलेला असतो. उंची त्या स्क्रूंनी जुळते. डावी-उजवी बाजू मात्र कानस मारून किंवा कड्यात पातळ पत्रा घालूनच आणावी लागते. सोव्हिएत कारखान्यांत प्रत्येक दुर्बीण अशी एकेका रायफलीला हाताने बसवत, म्हणून दुर्बिणीचा क्रमांक त्या रायफलीवरही ठोकलेला सापडतो. संचासोबतच्या कागदावर ‘कोणत्याही रायफलीला बसेल’ असं छापलेलं होतं. एवढंच वाक्य संच परत पाठवायला पुरेसं कारण आहे.

तेव्हा आधी दोन्ही ड्रम फिरवून खुंटा बरोबर मध्यावर आणा. बंदूक रिकामी असल्याची खात्री करा, बोल्ट काढा, बंदूक शिकंज्यात धरा आणि मागून नळीतून पाहत दूरचा एखादा बिंदू नळीच्या मधोमध आणा. मग बेस क्लॅम्पने तात्पुरता धरून दुर्बीण त्याच बिंदूवर येते का, ते बघा. आल्याशिवाय ड्रिलला हात लावू नका. माझ्या कारागिराने बेस नुसत्या नजरेने लावला होता. आटे पडल्यावर बेस सरकवायला जागाच उरत नाही, मग पत्र्याशी खेळत बसा. पत्रा घालताना नियम एकच: गोळी जिकडे लागते, तिकडे दुर्बिणीचं तोंड वळवायचं. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा छान चालतो.

बोल्टचं सरळ हँडल दुर्बिणीला अडतं, म्हणून वाकडं, लांब हँडल लागतं. वेल्डिंगच्या उष्णतेने बोल्टच्या लगांचं पोलादी पाणी उतरू शकतं, तेव्हा हे काम जाणकाराचंच. दुसराच बोल्ट घातला तर हेडस्पेस गेजने तपासल्याशिवाय एकही गोळी झाडू नका. पाच गोळ्यांची क्लिपही विसरा, दुर्बीण वाटेत येते. गोळ्या एकेक भरायच्या. गालाला दस्ता लागत नाही, हनुवटी टेकवून नेम धरावा लागतो. ही कुरकूर नवी नाही, लाल सेनेचे नेमबाजही तशीच हनुवटी टेकवत.

बंदूक कोणती निवडता, याकडे मात्र लोक फारच कमी लक्ष देतात. तीसच्या दशकाच्या मध्याआधीचे पैलूदार रिसीव्हर संग्राहकांना प्रिय. त्यांना भोक पाडणं म्हणजे किंमत घालवणं, आणि हा बेस गोल रिसीव्हरसाठीच बनलेला. रिसीव्हरच्या डाव्या अंगाला वेल्डिंगने बुजवलेली भोकं दिसली, तर मात्र थांबा. ती रायफल युद्धात खरोखर नेमबाजाची असेल आणि नंतर दुर्बीण काढून तिला साध्या रांगेत धाडलं असेल. तिथे नवीन भोकं पाडायचीच नाहीत, जुन्याच जागा मोकळ्या करायच्या, त्याही जाणत्या माणसाकडून.

माझी रायफल आता खुंटा जवळजवळ मध्यावर ठेवून नेम लावते. ती विकायची वेळ आली, तर ‘दुर्बीण नंतर बसवलेली’ हे पावतीवर लिहूनच देईन. बनावट ‘अस्सल स्नायपर’ बाजारात आधीच उदंड आहेत.