जर्मनीतली खोली उबदार ठेवायला किती पैसे लागतात?

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि जर्मनीची चर्चा पार अंबड, परतूर, भोकरदनपर्यंत पोचली. त्याआधीपासून इंजिनिअरिंग, केमिकलची मुलं एम. एस. करायला तिकडे जात होतीच. अशा घरांतून खर्चाची वही निघते तेव्हा तिच्यात विमानाचं तिकीट असतं, व्हिसाची फी असते, विद्यार्थ्याला वर्षासाठी बंद खात्यात दाखवावे लागणारे ११,९०४ युरो असतात. खोली गरम ठेवण्याचा खर्च मात्र बहुतेक वह्यांत नसतो. त्याला कारण आहे. जालन्यात डिसेंबरच्या पहाटे कडाक्याची थंडी पडली तरी आपण अंघोळीचं पाणी तापवतो, खोली तापवत नाही. गीझर, बंब किंवा रॉड, वर रजई आणि स्वेटर, एवढ्यावर हिवाळा निघतो. तिकडे ऑक्टोबर ते एप्रिल असे सात महिने भिंतीवरचा हीटर चालू ठेवावाच लागतो, आणि त्याचं मीटर, त्याचं बिल सगळं जर्मन भाषेत असतं. हा लेख त्या सात महिन्यांच्या हिशेबाचा आहे. रुपयांचा अंदाज सोपा व्हावा म्हणून एक युरो म्हणजे शंभर रुपये धरले आहेत. पैसे पाठवताना त्या दिवसाचा दर पाहावा.

सुरुवात चकतीपासून करू, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जातात. खिडकीखाली पांढऱ्या रंगाचा लोखंडी रेडिएटर असतो, त्याच्या एका टोकाला मुठीएवढी गोल चकती. तिच्यावर अक्षरं नसतात. एक चांदणी किंवा बर्फाच्या कणासारखी खूण, मग १ ते ५ आकडे आणि मधेमधे बारीक रेषा. आपल्या मुलांना हे पंख्याच्या रेग्युलेटरसारखं वाटतं: ५ वर ठेवलं की जास्त जोरात, लवकर गरम. तसं ते नाही. प्रत्येक आकडा म्हणजे खोलीचं एक तापमान. १ म्हणजे साधारण १२ अंश, २ म्हणजे १६, ३ म्हणजे २०, ४ म्हणजे २४ आणि ५ म्हणजे २८ अंश. मधली एकेक रेष साधारण एका अंशाची. चांदणीवर हीटर जवळजवळ बंद असतो, फक्त पाइपात पाणी गोठू नये म्हणून सहा अंशांच्या आसपास जागा होतो.

चकतीच्या आत खोलीची हवा ओळखणारा भाग असतो. ठरवलेलं तापमान आलं की तो गरम पाणी आपोआप अडवतो, हवा गार झाली की पुन्हा सोडतो. म्हणून थंडगार खोलीत आल्या आल्या ३ वर ठेवा किंवा ५ वर, वीस अंशांपर्यंत पोचायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. फरक एवढाच की ५ वर ठेवून झोपलात तर खोली अठ्ठावीस अंशांकडे जात राहते आणि पैसेही त्याच दिशेने जातात. तापमान एक अंशाने खाली ठेवलं तर तापवण्याच्या ऊर्जेत साधारण सहा टक्के बचत होते, असा तिकडचा सर्वमान्य ठोकताळा आहे. ४ वरून ३ वर आलात तर चार अंश कमी, म्हणजे बिलाचा पाचवा हिस्सा सहज वाचतो. दिवसा ३ आणि झोपताना २ ते अडीच, एवढं पाळलं तरी निम्मं काम झालं. पोरगं व्हिडिओ कॉलवर कुडकुडत असेल तर आधी चकती कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा, आणि रेडिएटरवर ओला टॉवेल किंवा पुढे कपाट आहे का ते विचारा. झाकलेल्या रेडिएटरपाशी ऊब साचते, चकतीला वाटतं खोली तापली, ती पाणी अडवते, आणि चार हात लांब बसलेल्याला थंडी वाजत राहते.

आता बिल, आणि इथे आपली सवय सगळ्यात जास्त नडते. महावितरणचं बिल दर महिन्याला येतं. या महिन्यात गीझर जास्त चालला तर पुढच्या महिन्यात कळतं. जर्मनीत हीटरसाठी दर महिन्याला ठरावीक रक्कम भाड्याबरोबर आगाऊ घेतात. खरा हिशेब वर्ष संपल्यावर होतो, आणि तो हातात द्यायला घरमालकाला आणखी बारा महिन्यांपर्यंत मुदत असते. म्हणजे २०२५ च्या जानेवारीत जाळलेल्या उबेचा हिशेब २०२६ च्या डिसेंबरमध्येही येऊ शकतो. आगाऊ भरलेलं कमी पडलं असेल तर बाकी एकरकमी मागतात. त्या पत्रावर ‘नाखत्सालुंग’ असेल तर पैसे भरायचे आहेत, ‘गुटहाबेन’ असेल तर परत मिळणार आहेत.

भाड्याच्या जाहिरातीत दोन आकडे दिसतात. ‘काल्टमीटे’ म्हणजे फक्त जागेचं भाडं. ‘वार्ममीटे’ म्हणजे त्यात पाणी, कचरा, जिन्याची सफाई आणि बहुतेक वेळा हीटरची आगाऊ रक्कम मिळवलेलं भाडं. घराघरांतून तुलना नेहमी दुसऱ्या आकड्याची करावी, आणि तरीही तो शेवटचा आकडा नाही हे लक्षात ठेवावं. कमी आगाऊ रक्कम दाखवून घर स्वस्त भासवणं सोपं असतं. वर्षाने बाकी निघते.

किती निघेल, याचा अंदाज घरबसल्या काढता येतो. बहुतेक इमारतींचं ऊर्जा प्रमाणपत्र असतं, घर दाखवताना मालकाने ते दाखवणं बंधनकारक आहे. त्यात एका चौरस मीटरला वर्षाकाठी किती युनिट लागतात ते लिहिलेलं असतं. जुन्या इमारतीत हा आकडा १५० च्या आसपास धरला आणि खोली ३० चौरस मीटरची असली, तर वर्षाला ४,५०० युनिट झाले. गॅसवरच्या हीटिंगला युनिटमागे १२ सेंट धरले तर ५४० युरो, म्हणजे ५४ हजार रुपये. महिन्याला ४५ युरो. करारात आगाऊ ३० च युरो लिहिले असतील तर वर्षाअखेर १८० युरोंची, अठरा हजार रुपयांची, मागणी येणार हे आजच दिसतं. भिंतींना आवरण नसलेल्या इमारतीत आकडा २०० असला तर खर्च ७२० युरोंवर जातो. नव्या, नीट बांधलेल्या घरात ६० असला तर २१६ युरोंत वर्ष निघतं. भाड्यात वीस-तीस युरो वाचवून २०० वाली खोली घेण्यात काहीच शहाणपण नाही. मीटर वाचणाऱ्या कंपनीची फी वगैरे या हिशेबाच्या वर असते, तेव्हा हात थोडा सैल ठेवूनच तरतूद करावी.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना अन्यायाची वाटते, पण कायदाच तसा आहे. सामायिक हीटिंग असलेल्या इमारतीत एकूण खर्चाचा ५० ते ७० टक्के भाग प्रत्येकाच्या वापरावर वाटतात, उरलेला घराच्या क्षेत्रफळावर. त्यामुळे बहिणीच्या लग्नाला महिनाभर गावी आलात तरी त्या महिन्याचं ओझं शून्य होत नाही. आणि गावी येताना हीटर साफ बंद करून येऊ नये. १ आणि २ च्या मधे ठेवून यावं. खोली फार गार पडली तर भिंतीवर ओल धरते, बुरशी येते, आणि ती तुमच्या हयगयीमुळे आली असं मालकाने म्हटलं तर रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून जाण्याची वेळ येते.

ओलीचा विषय निघाला आहे तर स्वयंपाकाबद्दलही बोलायला हवं. आपलं जेवण वाफेचं: कुकरच्या शिट्ट्या, भाताचं आधण, उकळती आमटी. बंद खिडक्यांच्या घरात ही वाफ थंड भिंतीवर जाऊन बसते. त्यात खोलीतच कपडे वाळत घातले तर बुरशी ठरलेली. यासाठी दिवसातून दोन-तीन वेळा हीटर चांदणीवर आणून खिडकी पूर्ण उघडायची, पाच ते दहा मिनिटं हवा आरपार जाऊ द्यायची, मग खिडकी लावून हीटर पुन्हा ३ वर. खिडकी वरून तिरकी करून दिवसभर ठेवणं हा सगळ्यात महागडा प्रकार. चकतीला गार वारा लागतो, ती पाणी पूर्ण सोडते, आणि तुम्ही रस्ता तापवत बसता.

रेडिएटरवर मधोमध बोटभर रुंदीची पांढरी पट्टी बसवलेली असते, तिच्यावर छोटा डिस्प्ले. त्याचे आकडे आळीपाळीने बदलतात: या वर्षाची नोंद, मागच्या वर्षाची नोंद, यंत्राचा क्रमांक. हे युनिट नव्हेत, वाटणीसाठीचे गुण आहेत, म्हणून ते पाहून घाबरू नये. पण घर ताब्यात घेताना प्रत्येक रेडिएटरवरच्या या आकड्यांचे आणि विजेच्या मीटरचे फोटो तारखेसह काढून ठेवावेत, ताबापत्रात लिहून घ्यावेत. आधीच्या भाडेकरूची ऊब आपल्या नावावर पडू नये यासाठी यापेक्षा चांगला पुरावा नाही.

काही जुन्या घरांत स्वयंपाकघरात किंवा बाथरूममध्ये गॅसची पेटी टांगलेली असते, ‘थेर्मे’. तिच्यावर नळाचं चित्र म्हणजे नळाचं गरम पाणी, रेडिएटरचं चित्र म्हणजे खोलीचं हीटिंग, सूर्य म्हणजे दिवसाची सेटिंग, चंद्र म्हणजे रात्रीची. पाण्याचा दाब दाखवणारा काटा साधारण एक ते दोन बारमध्ये असावा. ‘ष्टोएरुंग’ असा शब्द किंवा न कळणारा कोड दिसला तर त्याचा फोटो काढून मालकाला किंवा इमारतीच्या देखभाल करणाऱ्याला पाठवावा. आतली सेटिंग स्वतः बदलू नये. मोबाइलचा भाषांतराचा कॅमेरा बटणांवर धरला की बहुतेक शब्द उलगडतात. गॅसचा वास आला तर मात्र इथे सिलिंडरच्या बाबतीत करतो तेच: दिव्याच्या बटणाला हात नाही, खिडक्या उघडायच्या, बाहेर पडायचं आणि बाहेरून ११२ लावायचा.

विजेवर पाणी किंवा खोली तापवणं तिकडे फार महाग पडतं. विजेचं युनिट ३५ सेंटचं धरा, म्हणजे पस्तीस रुपये. थंडी वाजते म्हणून मुलं दुकानातून स्वस्तातला दोन हजार वॅटचा पंख्याचा हीटर आणतात. तो रोज चार तास चालला तर आठ युनिट, २.८० युरो, महिन्याला ८४ युरो, आठ हजार चारशे रुपये. संपूर्ण खोलीच्या गॅस हीटिंगला महिन्याला ४५ युरो लागत असताना हे पैसे घालवण्यात अर्थ नाही. बाथरूममध्ये विजेवर झटपट पाणी तापवणारी पेटी असेल आणि ती २१ किलोवॅटची असेल, तर पूर्ण जोरावर दहा मिनिटांच्या शॉवरला साडेतीन युनिट लागतात, म्हणजे सव्वाशे रुपयांच्या आसपास. वीस लिटरची बादली भरून अंघोळ केली तर पाऊण युनिटाच्याही आत भागतं, पंचवीस रुपयांत. बादली आणि तांब्या नेणाऱ्या मुलाला कुणी हसू नये. विजेच्या कंपनीशी स्वतः करार केला नाही तर मूळ पुरवठादाराकडून आपोआप वीज सुरू होते, आणि तो दर बहुधा महाग असतो. दोन आठवड्यांच्या नोटिशीने तिथून बाहेर पडता येतं. पहिल्याच महिन्यात ते करून टाकावं.

रेडिएटर खालून गरम आणि वरून गार असेल, आतून गुळगुळ आवाज येत असेल, तर त्यात हवा अडकलेली असते. किल्लीने ती सोडतात, काम दोन मिनिटांचं आहे. किल्ली दोन-तीन युरोंना मिळते, पण आधी मालकाला विचारा. हीटिंग बंदच पडलं तर दुरुस्ती मालकाच्या खर्चाने व्हायची असते. हिवाळ्यात दिवसा खोली साधारण २० ते २२ अंशांपर्यंत तापली पाहिजे, असं तिथली न्यायालयं मानतात. तक्रार तोंडी न करता ईमेलने, तारीख आणि खोलीतल्या थर्मामीटरच्या फोटोसह करावी. सुट्टीच्या दिवशी स्वतःहून प्लंबर बोलावू नये, बिल शेकड्यांत येतं आणि ते परत मिळेलच असं नाही. भाडं कापून घेण्याचा हक्क असतो, पण तो सल्ला घेतल्याशिवाय वापरू नये. बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थी संघटनेकडे मोफत कायदेशीर सल्ला मिळतो, नोकरदारांसाठी शहरोशहरी भाडेकरू संघ आहेत, आणि ‘फरब्राउखरत्सेंट्राले’ ही ग्राहक संस्था हीटिंगचं बिल तपासण्यात मदत करते. वर्षाचा हिशेब हातात पडल्यापासून हरकत घ्यायला बारा महिने मिळतात. कागद कळला नाही म्हणून गप्प बसून पैसे भरू नयेत.

घर सोडतानाचं एक. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकं असतं, आणि हीटिंगचा हिशेब बाकी असेल तर मालक त्यातली काही रक्कम वाजवी मुदतीपर्यंत अडकवून ठेवू शकतो. गावी परतल्यावर कर्जाचा हप्ता त्या पैशांतून फेडायचा बेत कुणी आखू नये.

पहिल्या वर्षासाठी माझं मत स्पष्ट आहे: मिळत असेल तर विद्यार्थी वसतिगृहच घ्यावं. तिथे बहुतेक ठिकाणी ऊब, पाणी, वीज सगळं एकाच भाड्यात येतं आणि वर्षाअखेर पत्र येत नाही. न मिळालं तर करारावर सही करण्याआधी मालकाकडे मागच्या वर्षाचा हीटिंगचा हिशेब मागा, तोंडी आकड्यावर विसंबू नका, आणि पहिल्या महिन्यापासून ३० ते ४० युरो वेगळे ठेवा. जालना जिल्ह्यातली जी मुलं-मुली तिकडे दोन-तीन हिवाळे काढून बसली आहेत, त्यांना विनंती आहे: आपल्या घराचं क्षेत्रफळ, शहर आणि वर्षाचं खरं हीटिंगचं बिल, एवढ्या तीनच गोष्टी नव्याने निघालेल्यांना कळवा. गावी पैशांची जुळवाजुळव करणाऱ्या आई-वडिलांना त्याचा मोठा आधार होईल.