सामाजिक धोरण आणि शैक्षणिक धोरण : एकत्र अभ्यासाची आवश्यकता



माझी भाची यंदा बारावी कला शाखेतून उत्तीर्ण झाली. "मामा, पुढे कोणते विषय घेऊ?" असा प्रश्न तिने केला, तेव्हा मला चटकन उत्तर देता आले नाही. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर. समाजशास्त्र, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र हे विषय मी तीन वेगवेगळ्या वह्यांमध्ये लिहिले आणि तीन वेगवेगळ्या पेपरांत सोडविले. ह्या तीन वह्यांतील मजकूर एकाच माणसाच्या आयुष्याबद्दल आहे, हे मला महाविद्यालयात कळले नाही. ते बँकेच्या काउंटरवर बसल्यानंतर कळले. तो अनुभव लेखाच्या ओघात पुढे येईलच. भाचीला जे सांगितले तेच येथे थोडे विस्ताराने मांडत आहे.

दोन धोरणे म्हणजे काय?

शैक्षणिक धोरण म्हणजे शाळा-महाविद्यालये कोणी चालवावीत, काय शिकवावे, शिक्षक कसे नेमावेत, फी किती असावी, परीक्षा कशी घ्यावी ह्यासंबंधी शासनाने ठरविलेली दिशा. सामाजिक धोरण म्हणजे अन्न, निवारा, आरोग्य, रोजगार, वृद्धापकाळ, अपंगत्व आणि सामाजिक अन्याय ह्यांबाबत शासनाने स्वीकारलेली जबाबदारी. शासनदरबारी ही दोन खाती वेगळी आहेत, त्यांचे मंत्री वेगळे, कार्यालये वेगळी व फायलीही वेगळ्या. परंतु ज्या मुलासाठी ही खाती आहेत, ते मूल मात्र एकच आहे. सकाळी उपाशी असलेले, दुपारी वर्गात बसलेले आणि संध्याकाळी भाड्याच्या खोलीचे पैसे कोठून आणावेत ह्या विवंचनेत असलेले मूल तीन खात्यांची तीन मुले नसतात.

आपल्या घटनाकारांनी ही गोष्ट ओळखली होती. घटनेच्या कलम 46 मध्ये दुर्बल घटकांचे, विशेषतः अनुसूचित जाती व जमातींचे, शैक्षणिक आणि आर्थिक हितसंवर्धन एकाच वाक्यात घातले आहे आणि सामाजिक अन्यायापासून संरक्षणही त्याच कलमात आहे. जे घटनेने एकत्र ठेवले ते अभ्यासक्रमाने वेगळे का करावे?

महाराष्ट्राची परंपरा

हा विचार आपल्याकडे नवा नाही. महात्मा जोतीराव फुले ह्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि त्यातून शिक्षणावर होणारा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. बारा वर्षे वयापर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण असावे, अशी मागणी त्यांनी केली. म्हणजे शाळेचा प्रश्न त्यांनी कराच्या प्रश्नाशी जोडून मांडला होता.

राजर्षी शाहू महाराजांचे कार्य ह्याच दृष्टीने पाहावे. 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहे, 1902 साली नोकऱ्यांत पन्नास टक्के राखीव जागा, 1917 साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाची आज्ञा आणि 1918 साली महार वतनांची बरखास्ती. ह्यांतील एकच काम केले असते तर ते अपुरे पडले असते. शाळा काढली पण राहण्याची सोय नाही, तर खेड्यातील मुलगा शाळेपर्यंत येणार कसा? शिकला पण नोकरी नाही, तर दुसऱ्याने शिकावे कशासाठी? आणि वतनाच्या बेगारीत बाप अडकलेला असेल, तर मुलगा त्याच्या हाताखालून सुटणार कसा?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 ते 1916 ह्या काळात कोलंबिया विद्यापीठात होते. तेथे त्यांनी अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान व मानववंशशास्त्र ह्यांचाही अभ्यास केला. अर्थशास्त्रज्ञ सेलिग्मन आणि शिक्षणाचे तत्त्ववेत्ते जॉन ड्युई हे दोघेही त्यांचे प्राध्यापक होते. हा एकत्र अभ्यास त्यांच्या पुढील कार्यात जागोजागी दिसतो. 1924 साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृहे व वाचनालये ह्यांना महत्त्व दिले. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले आणि त्याच वर्षी सायमन कमिशनपुढे अस्पृश्य वर्गाच्या शिक्षणाच्या स्थितीचे निवेदनही सादर केले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी उच्च शिक्षणासाठी केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीचा आग्रह धरला आणि 1944 पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, 1946 मध्ये मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय आणि 1950 मध्ये औरंगाबादचे महाविद्यालय (पुढे मिलिंद) उभे राहिले. मराठवाड्यातील आपल्या कित्येक घरांतील पहिला पदवीधर ह्याच महाविद्यालयातून बाहेर पडला.

आपल्या जिल्ह्याचा दुवाही लक्षात घ्यावा. कसबे तडवळे येथे फेब्रुवारी 1941 मध्ये महार-मांग वतनदार परिषद झाली व तिला बाबासाहेब आले होते. विषय वतनाचा होता, पण वतन म्हणजे पिढीजात गावकीची चाकरी, आणि चाकरीत जखडलेल्या घरातील मूल शाळेत टिकत नाही. मुंबई राज्यात ही कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा 1958 साली झाला.

विलायतेतील विद्यापीठ आणि टाटांचा पैसा

सामाजिक धोरण हा विषय विद्यापीठात शिकविण्याची सुरुवात इंग्लंडमध्ये झाली, तिच्यात भारतीय पैशाचा वाटा आहे, ही गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. 1912 च्या सुमारास सर रतन टाटा ह्यांच्या देणगीतून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दारिद्र्याच्या कारणांच्या अभ्यासासाठी एक प्रतिष्ठान सुरू झाले. त्याचे पहिले संचालक आर. एच. टॉनी होते. त्यांनी मजुरांच्या वेतनाचा अभ्यास केला आणि पुढे 1922 साली सर्वांना माध्यमिक शिक्षण मिळावे म्हणून पुस्तकही लिहिले. एकाच अभ्यासकाला मजुरी आणि शाळा हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले दिसले. 1942 च्या बेव्हरिज अहवालाने दारिद्र्य, रोग, अज्ञान, गलिच्छ वस्ती आणि बेकारी हे समाजाचे पाच शत्रू मानले व 1944 साली तेथे शिक्षणाचा मोठा कायदा झाला. आज ब्रिटनमधील काही विद्यापीठांत शिक्षण व सामाजिक धोरण ह्यांची संयुक्त पदवीही मिळते.

त्याच टाटा घराण्याच्या विश्वस्त निधीतून 1936 साली मुंबईत समाजकार्याची पदव्युत्तर संस्था निघाली. 1944 पासून ती टाटा समाजविज्ञान संस्था ह्या नावाने ओळखली जाते. तिचे ग्रामीण आवार आपल्या तुळजापुरात 1980 च्या दशकापासून आहे. आई-वडिलांनी तुळजापूर म्हटले की देवीची यात्रा आठवावी हे ठीकच, पण मुलामुलींना हे आवारही आठवावे.

जिल्ह्यातील जिवंत धडा : ऊसतोड

आता आपल्या अंगणातील उदाहरण घेऊ. कळंब, वाशी, भूम, परंडा ह्या भागांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. लहान मुलांना मागे ठेवण्याची सोय नसेल तर मुले फडावर जातात आणि पाच-सहा महिन्यांनी, परीक्षेच्या तोंडावर, परत येतात.

शिक्षण खात्याच्या नोंदीत हे मूल गैरहजर किंवा शाळाबाह्य असते. मजुरीच्या हिशेबात ते धाकट्या भावंडाला सांभाळणारे बिनपगारी हात असते. कोरडवाहू शेतीच्या दृष्टीने पाहिले तर ते पाऊस न झाल्याचा परिणाम असते. केवळ शैक्षणिक धोरण शिकलेला विद्यार्थी म्हणेल, "हजेरी वाढवा." केवळ सामाजिक धोरण शिकलेला म्हणेल, "कामगारांना विमा द्या." दोन्ही शिकलेला विचारील, "उचल कोणत्या महिन्यात मिळते? गावात मुलांना रात्री कोण सांभाळते? आजी थकली असेल तर काय?" अशा प्रश्नांतूनच हंगामी वसतिगृहांची कल्पना निघाली. 2021 साली राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना सुरू केली, आणि ती शिक्षण खात्याकडे नव्हे तर सामाजिक न्याय विभागाकडे आहे, ही गोष्ट बोलकी आहे.

शाळेतील दुपारचे जेवण हे दुसरे उदाहरण. 15 ऑगस्ट 1995 पासून ही राष्ट्रीय योजना सुरू झाली आणि 2001 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शिजवलेले अन्न देणे राज्यांना बंधनकारक झाले. हे जेवण शिक्षणाचे की पोषणाचे? उत्तर सरळ आहे, दोन्हींचे.

आपला जिल्हा 2018 साली नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत घेतला गेला. त्याचे मोजमाप ठरविताना आरोग्य व पोषणाला 30, शिक्षणाला 30, शेती व जलसंपत्तीला 20, आणि आर्थिक समावेशन व कौशल्य तसेच पायाभूत सुविधा ह्यांना प्रत्येकी 10 टक्के वजन दिले गेले. म्हणजे जिल्ह्याची गुणपत्रिकाच एकत्रित आहे. मग ती वाचणारा विद्यार्थी एकाच विषयाचा असून कसे चालेल?

काउंटरवरचा अनुभव

आता सुरुवातीला म्हटलेला अनुभव. काही वर्षांपूर्वी खेड्यातून एक मुलगा आमच्या शाखेत शिष्यवृत्तीची चौकशी करायला तीन वेळा आला. तो पदवीच्या पहिल्या वर्षाला होता. तिन्ही वेळा मी खाते पाहिले आणि "आमच्याकडे जमा नाही" असे सांगितले. ते खरेच होते. मी नियमाप्रमाणे बरोबर होतो.

नंतर कळले ते असे. थेट लाभाची रक्कम ज्या खात्याला आधार क्रमांक शेवटी जोडला गेला त्या खात्यात जाते. दरम्यान त्याच्या घरच्यांनी दुसरीकडे त्याच्या नावे एक खाते उघडले होते व आधार तेथे जोडला गेला होता. शिष्यवृत्ती तेथे पडून होती. हे तपासायला मला पाच मिनिटे लागली असती. पण कळले तोवर मुलगा आई-वडिलांबरोबर टोळीत निघून गेला होता आणि खोलीचे भाडे थकल्यामुळे त्याने महाविद्यालय सोडले होते.

शिष्यवृत्ती मंजूर करणाऱ्या कार्यालयाचे काम झाले, महाविद्यालयाचे काम झाले, बँकेचेही काम झाले. राहिला तो फक्त मुलगा. धोरण कागदावरून माणसापर्यंत जाताना कोठे अडते, हे त्या दिवशी मी शिकलो. त्यानंतर कोणीही विद्यार्थी आला की मी आधी आधार कोणत्या खात्याला जोडले आहे ते विचारतो.

अभ्यास कोठे व कसा करावा?

अ) पदवीला समाजशास्त्र, राज्यशास्त्र किंवा लोकप्रशासन आणि अर्थशास्त्र ह्यांची जोड घ्यावी. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय निवडता येतो, त्याचा उपयोग करावा.

ब) पदव्युत्तर शिक्षणासाठी तुळजापूरचे आवार, धाराशिवचे विद्यापीठ उपकेंद्र तसेच मुक्त विद्यापीठांचे अभ्यासक्रम ह्यांची माहिती प्रत्यक्ष जाऊन घ्यावी.

क) कोणतीही योजना वाचताना पाच प्रश्न विचारावेत : पैसा कोठून येतो? तो कोणत्या खात्यातून जातो? अट कोणती आहे? ती कोणाला पूर्ण करता येत नाही? तक्रार कोणाकडे करायची?

ड) खर्चाचा विचार आधी करावा. फेब्रुवारी 2018 मध्ये टाटा संस्थेच्या मुंबई, तुळजापूरसह चारही आवारांतील विद्यार्थ्यांनी शिष्यवृत्तीधारकांच्या शुल्क व वसतिगृह खर्चाच्या सवलतीसाठी संप केला होता. धोरण शिकणाऱ्यांनाही धोरणाची झळ बसते, ती अशी. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून सुरू झालेल्या स्वाधार योजनेची चौकशी वेळेत करावी.

"हे शिकून नोकरी मिळेल का?" असे पालक विचारतील. स्पर्धा परीक्षा, समाजकल्याण, जिल्हा परिषदेचे प्रकल्प, स्वयंसेवी संस्था, संशोधन हे मार्ग आहेत. मात्र हमी कोणाचीच नाही, हे प्रामाणिकपणे सांगावे लागेल. तरीही समाजाला अशा माणसांची गरज आहे, ह्याविषयी दुमत असू नये.

समारोप

आपल्या वस्तीत डॉक्टर, इंजिनिअर व्हावेत ही इच्छा योग्यच. पण योजनेची फाईल वाचून ती कोठे अडली हे सांगणारा एक तरी मुलगा किंवा मुलगी प्रत्येक गावात असावी. मंडळाने जून-जुलैत विद्यार्थ्यांचे अर्ज, खाते व आधार तपासण्यासाठी आठवड्यातून एक दिवस टेबल मांडावे. त्या टेबलावर बसायला मी तयार आहे. भाचीने समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र घेतले आहे आणि पहिला रविवार तीही येणार आहे.