लसीनंतरच्या त्रासाची नोंद : आकडा कसा वाचायचा?



नोव्हेंबर 2018 मध्ये आपल्या राज्यात शाळाशाळांतून गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली, ती तुम्हाला आठवत असेल. आमच्या शाळेत एक मुलगी सुई टोचल्यावर चक्कर येऊन खाली बसली. पाच मिनिटांत रांगेतल्या मागच्या दोघींनाही गरगरायला लागलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, "तीन पोरी बेशुद्ध पडल्या!" आता सांगा, या तिघींची नोंद व्हायला हवी की नको? माझं उत्तर, व्हायलाच हवी. मग नोंद झाली म्हणजे लस वाईट ठरली का? इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो.

शाळेतली तक्रारपेटी डोळ्यांसमोर आणा. तिच्यात कोणीही चिठ्ठी टाकू शकतो. काही चिठ्ठ्या खऱ्या, काही गैरसमजातून, एखादी चक्क गंमत म्हणून. म्हणून पेटी काढून टाकायची का? आणि पेटीत दहा चिठ्ठ्या निघाल्या म्हणजे दहा गुन्हे सिद्ध झाले का? दोन्ही नाही.

अमेरिकेत 1990 पासून अशी एक मोठी पेटी आहे, तिचं नाव व्हेअर्स. डॉक्टर, कंपनी, पालक, कोणीही तिथे कळवू शकतं. एका डॉक्टरांनी मुद्दाम परीक्षा घ्यायची म्हणून 'फ्लूच्या लसीमुळे मी हल्क झालो' अशी नोंद केली, तीही स्वीकारली गेली! नंतर यंत्रणेने त्यांना संपर्क केला आणि त्यांच्या संमतीने ती काढली. हा किस्सा सांगून लोक व्हेअर्सला हसतात. पण याच पेटीने काय पकडलं तेही बघा.

ऑगस्ट 1998 मध्ये तिथे बाळांच्या जुलाबांवरील रोटाशील्ड या लसीला परवानगी मिळाली. आधीच्या चाचण्यांत सुमारे 10,000 बाळांना लस दिली होती. त्यात आतड्यात आतडं शिरण्याच्या पाच घटना दिसल्या होत्या, पण तेवढ्यावरून खात्रीने काही म्हणता येत नव्हतं. पुढे व्हेअर्सकडे याच त्रासाच्या 15 नोंदी जमल्या. फक्त 15! जुलै 1999 मध्ये लस थांबवली गेली, मग नीट अभ्यास झाला, धोका साधारण 10,000 बाळांत एक असा निघाला आणि ऑक्टोबरमध्ये लस मागे घेतली. चाचणीत जे धूसर होतं ते लाखो डोस गेल्यावर स्पष्ट झालं.

या निर्णयाची दुसरी बाजूही आहे. त्या काळात रोटाव्हायरसच्या जुलाबांनी जगात दरवर्षी लाखो बालकं दगावत होती, त्यातली बहुतेक गरीब देशांतली. पुढच्या लसी बाजारात यायला साधारण 2006 उजाडलं, कारण त्यांची चाचणी प्रत्येकी 60,000 हून जास्त बाळांवर घ्यावी लागली. भारतात 2016 पासून बाळांना रोटाव्हायरसची लस सरकारी कार्यक्रमात मिळू लागली, तीही अशा तपासण्यांतून गेल्यावरच.

आता पेटीचं दुबळेपण. पहिलं, सगळं कोणी कळवत नाही. अमेरिकेतल्या एका जुन्या अभ्यासात दिसलं की, पोलिओच्या तोंडी लसीमुळे होणाऱ्या दुर्मीळ लकव्याच्या सुमारे दोन तृतीयांश घटना नोंदल्या गेल्या, पण गोवर-गालगुंड-रुबेला लसीनंतरच्या साध्या पुरळाच्या 1 टक्काही नाहीत. जेवढा त्रास मोठा, तेवढी नोंद पक्की. दुसरं, बातम्या आल्या की नोंदी वाढतात. आणि तिसरं, किती जणांनी लस घेतली हा भागाकारातला खालचा आकडा नोंदीत नसतोच.

एक गणित वर्गात घालून बघा. वर्षाला दर हजारी 6 मृत्यू धरा. समजा, सर्व वयाच्या 10 लाख लोकांना एकाच दिवशी लस दिली. वर्षात 6,000 मृत्यू, म्हणजे आठवड्याला साधारण 115. लस नसती तरी हे झालेच असते. पण "लसीनंतर आठवड्याभरात 115 मृत्यू" असा मथळा छापला की वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. प्रश्न असा विचारायचा : नेहमीच्या 115 पेक्षा जास्त झाले का? हे पेटी सांगू शकत नाही. त्यासाठी लस घेतलेल्यांची आणि न घेतलेल्यांची तुलना लागते.

आपल्याकडे आशाताई, परिचारिका, डॉक्टर यांच्याकडून नोंद वर जाते. गंभीर घटना असेल तर जिल्हा समिती तपास करते, पुढे राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर कारण ठरवतात : लसीचा गुणधर्म, लसीच्या दर्जातला दोष, देण्यातली चूक, भीतीमुळे आलेली चक्कर की निव्वळ योगायोग. काही घटनांत माहिती अपुरी राहते, तेव्हा अनिश्चित असंही लिहितात, आणि मला तो प्रामाणिकपणा वाटतो. सामान्य माणसालाही 1800-180-3024 या टोल फ्री क्रमांकावर कळवता येतं. हे किती पालकांना माहीत आहे? फार कमी.

परत आमच्या तीन मुलींकडे येतो. वीस मिनिटं आडवं झोपवल्यावर तिघी उठून खेळायला गेल्या. नर्सताईंनी मात्र नाव, वेळ, लसीचा बॅच नंबर असं सगळं लिहून घेतलं. मी म्हटलं, "ताई, चक्कर तर आली होती, एवढं कशाला?" त्या म्हणाल्या, "सर, उद्या दुसऱ्या गावात याच बॅचला काही झालं, तर जुळवणार कशाशी?"