शून्य म्हणजे ‘संपलं’

रात्री सव्वाबाराला माझा प्रोग्राम लॉगमध्ये एकच ओळ लिहायचा: ‘अपलोड यशस्वी, २००’. वरसे इथल्या घरी सकाळी चहा घेताना मी ती ओळ बघायचो आणि पुढच्या कामाला लागायचो. पावसाळ्यात सलग नऊ दिवस ती ओळ खोटी होती.

कारखाना धाटाव औद्योगिक वसाहतीतला. प्रक्रिया करून सोडलेल्या सांडपाण्याचा पीएच आणि प्रवाह दर मिनिटाला मोजला जायचा, म्हणजे दिवसाला १,४४० नोंदी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये १७ प्रकारच्या जास्त प्रदूषणकारी उद्योगांना ऑनलाइन देखरेख बसवायला सांगितली, तेव्हापासून अशा मोजणीची कामं आमच्या भागात वाढली. माझ्याकडे कारखान्याच्या स्वतःच्या सर्व्हरचं काम होतं. रात्री डेटा लॉगरमधून दिवसभराच्या नोंदी ओढायच्या आणि वर चढवायच्या.

दहाव्या दिवशी तिथल्या प्रयोगशाळेतल्या मॅडमचा फोन आला. “दादा, काल दुपारनंतरचा पीएच कुठाय? माझ्या वहीत आहे, तुमच्याकडे नाही.” मी ओळी मोजल्या. १,४४० ऐवजी ८७३. हे पाणी पुढे कुंडलिका नदीला मिळतं. नदीकाठच्या माणसाने ती फाइल पाहिली असती तर त्याला एकच संशय आला असता, की कुणीतरी मुद्दाम लपवलं. तो संशय माझ्या एका ओळीमुळे आला असता, हे आजही मला टोचतं.

प्रोग्राम पायथनमध्ये होता आणि अपलोडसाठी पायकर्ल, म्हणजे आतून लिबकर्ल वापरलं होतं. डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या कर्ल प्रकल्पाची ही लायब्ररी. तिच्यात अपलोडचा माल आपण ढकलत नाही, ती मागते. आपण एक फंक्शन तिच्या हाती देतो, ते म्हणजे रीड कॉलबॅक. जागा रिकामी झाली की ती त्याला हाक मारते, ‘जास्तीत जास्त इतके बाइट दे’. आपण असतील तेवढे देतो.

भाताच्या लावणीत हेच चालतं. चिखलात वाकून लावणाऱ्या बाईचा हात रिकामा झाला की ती मान न उचलता हात मागे करते आणि मुठी पुरवणारा तिच्या हातात रोपांची मूठ ठेवतो. मुठी नसतील तेव्हा तो काय बोलतो याला फार महत्त्व. ‘थांब, आणतो’ म्हणाला तर ती वाट बघते. ‘संपल्या’ म्हणाला तर ती पाय धुऊन बांधावर येते, अर्धं खाचर तसंच राहतं.

माझा कॉलबॅक ‘संपल्या’ म्हणत होता. लॉगरकडून सिरियल केबलने येणाऱ्या नोंदी एका रांगेत पडायच्या आणि कॉलबॅक त्या रांगेतून उचलायचा. रांग रिकामी दिसली की मी रिकामा तुकडा परत करत होतो, म्हणजे शून्य बाइट. माझ्या मनात त्याचा अर्थ ‘सध्या काही नाही’ असा होता. लिबकर्लच्या लेखी शून्याचा अर्थ एकच, माल संपला. एकूण लांबी मी आधी सांगितली नव्हती, त्यामुळे माल तुकड्यातुकड्यांनी, चंक्ड पद्धतीने जात होता. शून्य मिळताच तिने रीतसर शेवटचा तुकडा पाठवला. सर्व्हरला पूर्ण आणि वैध विनंती मिळाली, त्याने २०० दिलं. त्या दोघांचं काहीच चुकलं नव्हतं.

उन्हाळ्यात हे दिसलं नाही, कारण रांग कधी रिकामी पडलीच नाही. पावसात केबलच्या जोडात ओल शिरली, वाचन चुकून पुन्हापुन्हा मागवावं लागलं आणि रांगेत खंड पडू लागले.

म्हणून सांगतो. ‘माझ्याकडे आत्ता बाइट नाहीत’ याची तीन कारणं असतात आणि तिन्हींना वेगळं उत्तर द्यायचं असतं. खरोखर संपलं तरच शून्य. माल यायचा असेल तर रीडफंक_पॉज. वाचनच बिघडलं तर रीडफंक_अबॉर्ट, मग हस्तांतर ४२ क्रमांकाची चूक देऊन थांबतं. चूक दिसली तर पहाटे उठून दुरुस्त करता येते.

पॉज दिल्यावर मात्र लिबकर्ल आपणहून परत विचारत नाही, तिला उठवावं लागतं. मी आधी रांग भरणाऱ्या दुसऱ्या थ्रेडमधून तिला उठवायला गेलो. तसं करू नका, लिबकर्लचं एकच हँडल दोन थ्रेडनी हाताळायचं नसतं. प्रगती कळवणारा कॉलबॅक शांततेतही साधारण सेकंदाला एकदा येतो, त्यातून उठवा. तो मुळात बंद असतो, नोप्रोग्रेस हा पर्याय शून्य करून चालू करावा लागतो.

यानंतर मला वाटलं, इतक्या छोट्या कामाला ही धावपळ कशाला? आधी सगळ्या नोंदी फाइलमध्ये उतरवाव्यात, मोजाव्यात, लांबी सांगून मग पाठवाव्यात. आजही माझा सल्ला हाच आहे. लांबी आधी सांगितली की कमी पडलेला माल लपत नाही. समोरचा उरलेल्याची वाट बघत बसतो किंवा हस्तांतर चुकीसह तुटतं.

पण लांबीही मी चुकीची सांगितली. प्रत्येक नोंदीत ठिकाणाचं नाव देवनागरीत होतं. मजकुराची लांबी मी पायथनच्या ‘लेन’ फंक्शनने घेतली आणि ती अक्षरचिन्हं मोजते. ‘वरसे’ हा शब्द तिच्या हिशेबात ४, यूटीएफ-८ मध्ये मात्र १२ बाइट. सर्व्हरने सांगितल्याइतकेच बाइट उचलले आणि फाइलची शेपटी पुन्हा कापली गेली. आधी एन्कोड करा, मग मोजा.

वाटेत सर्व्हरने लॉगिन मागितलं किंवा दुसऱ्या पत्त्यावर वळवलं, तर तोच माल पहिल्यापासून द्यावा लागू शकतो. त्यासाठी सीक कॉलबॅक द्या, नाहीतर ६५ क्रमांकाची चूक भेटते. रांगेतून उचललेलं परत देता येत नाही, फाइल मागे गुंडाळता येते.

आता कुठलाही नवा कॉलबॅक कामावर लावण्याआधी मी त्याला मुद्दाम उपाशी ठेवतो. दर हाकेला एकच बाइट द्यायचा, मध्येच पॉज घ्यायचा, मग पुढचा द्यायचा. ‘वरसे’मधला ‘व’ तीन हाकांत तुटून जातो. पलीकडे तो अखंड ‘व’ म्हणून उतरला आणि ओळी १,४४० भरल्या, की मग मी मॅडमना फोन करून त्यांची वही उघडायला सांगतो.