अंक पाठ, पण मोजणे?



आमची छकुली चार वर्षांची आहे. तिला एक ते वीस अंक पाठ आहेत. पाहुणे आले की आई तिला पुढे उभी करते आणि ती एका दमात सगळे म्हणून दाखवते. मागच्या महिन्यात आईने तिला सांगितले, "कोपऱ्यातल्या टोपलीतून पाच कांदे आण." ती फ्रॉकचा ओचा करून नऊ कांदे घेऊन आली. मी तिच्यावर खेकसले, "वीसपर्यंत येतं ना गं तुला? मग पाच कळत नाहीत?" ती रडायला लागली. मला वाटले, ही मुद्दामच करते.

हे मी वर्गात सांगितले तेव्हा बाई म्हणाल्या, "चूक तिची नाही. तुम्ही तिला गाणं शिकवलंत, मोजणं नाही." विचार केला तर खरेच आहे. अंक ओळीने म्हणणे हे आरती म्हणण्यासारखे आहे. एक शब्द आला की पुढचा आपोआप येतो. मोजताना मात्र एक वस्तू, एक बोट, एक अंक अशी जोडी जमावी लागते. कोणतीही वस्तू सुटता कामा नये आणि तीच दोनदा धरता कामा नये. शिवाय शेवटी जो अंक तोंडात येतो तो शेवटच्या कांद्याचा नव्हे, तो सगळ्या कांद्यांचा मिळून असतो. आपल्याला हे सोपे वाटते, पण लहान मुलांना उमगायला वेळ लागतो. घरी जाऊन मी छकुलीपुढे पाच कांदे मांडले. तिने बोट ठेवून बरोबर मोजले. "मग किती झाले?" असे विचारले, तर पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली!

यासाठी काही चित्रकारांनी खेळकर पुस्तके केली आहेत. बाईंनी त्यांतल्या दोनांची माहिती दिली. पहिले अमेरिकेतील एरिक कार्ल यांचे, १९६९ साली निघालेले 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर', म्हणजे खादाड सुरवंट. हा सुरवंट सोमवारी एक सफरचंद खातो, मंगळवारी दोन नासपती, बुधवारी तीन आलुबुखार, गुरुवारी चार स्ट्रॉबेऱ्या आणि शुक्रवारी पाच संत्री. गंमत अशी की प्रत्येक फळाला खरेखुरे भोक पाडलेले आहे. कार्ल एकदा कागदांच्या गठ्ठ्याला भोके पाडत बसले होते, तेव्हा त्यांना ही कल्पना सुचली. भोकात मुलाचे बोट जाते. बोट अडकत अडकत पुढे सरकते, त्यामुळे तोंडही बोटाला सोडून पळत नाही. शनिवारी सुरवंट दहा तऱ्हेचे पदार्थ खाऊन पोट दुखवून घेतो. (हे आमच्या वर्गातल्या एकाला फारच पटले!)

दुसरे पुस्तक जपानचे. ते मित्सुमासा आन्नो यांनी १९७५ साली काढले. ते आधी प्राथमिक शिक्षक होते. पुढे १९८४ साली त्यांना चित्रांसाठी हान्स अँडरसन पारितोषिक मिळाले. त्यांच्या पुस्तकात गोष्ट शब्दांत लिहिलेलीच नाही. पहिले पान शून्याचे आहे. त्यावर नुसते बर्फ, ना घर ना झाड. पान उलटले की एक घर, एक झाड. मग त्याच जागी दोन, तीन करत बारापर्यंत गाव वाढत जाते. बारा पाने म्हणजे बारा महिने, म्हणून मध्ये बर्फ वितळते, हिरवे होते आणि शेवटी पुन्हा बर्फ पडते. पानाच्या कडेला ठोकळ्यांची रास असते. तीही पानागणिक एकाने वाढते.

मला त्यातले शून्य सर्वांत आवडले. आपण घरी एकापासून सुरुवात करतो. शून्य एकदम दहा लिहिताना भेटते, तेही एकाच्या शेजारी उभे! मग ते काय आहे हे मुलाला कळणार कसे?

ही पुस्तके आमच्याकडे नाहीत. म्हणून आम्ही चौघी मैत्रिणींनी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर एक पुस्तक केले. ते सुतळीने शिवले. शून्याच्या पानावर रिकामे खुराडे, मग १ विहीर, २ बैल, चुलीचे ३ दगड, बाजेचे ४ पाय, हाताची ५ बोटे, कोंबडीची ६ पिले. भोके पाडली तर कागद फाटत होता. म्हणून भोकाऐवजी चिंचोके घेतले. प्रत्येक चित्रावर एक चिंचोका ठेवायचा आणि अंक म्हणायचा.

छकुली शून्याच्या पानावर चिंचोका हातात धरून बसून राहिली आणि म्हणाली, "कोंबडी कुठं गेली?" सहाच्या पानावर तिने एकेक चिंचोका मांडला आणि सांगितले, "ताई, सात."

"नीट मोज."

तिने पुन्हा मोजले. "सातच."

मी खेकसणारच होते, तेवढ्यात दिसले. डालग्याआडून एका पिलाची नुसती शेपटी बाहेर आली होती. तिच्यावरही तिने चिंचोका ठेवला होता. आम्ही चौघींनी सहाच धरली होती. जिने चित्र काढले तिलाही ती शेपटी आठवेना.

आता ते पान सातच्या जागी लावले आहे. सहाचे पान अजून काढायचे आहे.

– इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी