ओंकारला पत्र

दापोली

चि. ओंकार,

तू पाठवलेलं वेळापत्रक बघितलं. पहाटे साडेचारपासून रात्री अकरापर्यंत, चार रंगांत, जेवायला वीस मिनिटं. असलं वेळापत्रक आठवडाभर चालतं. मग एक दिवस ताप येतो, नाहीतर मेसमधला कुणी सिनेमाला ओढून नेतो, आणि सगळंच बारगळतं. वर आपणच नालायक, ही रुखरुख. म्हणून त्यातलं बरंचसं खोडून टाक. दोनच गोष्टी ठेव: सकाळी अभ्यासिकेत बसायची वेळ, आणि रोज एक उत्तर घड्याळ लावून स्वतःच्या हातानं लिहिणं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे; लक्ष्मीकांतचं पुस्तक तिसऱ्यांदा अधोरेखित करून उत्तर लिहिता येत नाही. एवढा नेम मात्र सणावारीही मोडू नकोस.

‘हेच माझं ध्येय आहे, हे कसं कळणार?’ असं तू विचारलंस. खोलीत बसून विचार करून ते कळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे बघ. शाळकरी वयात परीक्षेसाठी पायी साताऱ्यापर्यंत गेले आणि वयानं लहान दिसतात म्हणून परत पाठवले गेले. मॅट्रिक झाले 1881 मध्ये, तेविशीत. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला लागले 1891 मध्ये. त्याच वर्षी पत्नी वारली. 1893 मध्ये त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्या विधवा होत्या, म्हणून मुरुडकरांनी बहिष्कार घातला. विधवांसाठी आश्रम काढला तो 1896 मध्ये. म्हणजे आज आपण ज्या कामासाठी त्यांचं नाव घेतो, ते सुरू व्हायला अडतिशी उजाडली. तोवर ते ध्येयाची वाट बघत बसले नव्हते. समोरचं गणित नीट शिकवत होते. पुढे हिंगण्याच्या झोपडीत आश्रम गेला, तेव्हा कॉलेजातले तास आटोपून हा माणूस पायी तिकडे शिकवायला जायचा. लोक त्यांच्या एकशेचार वर्षांच्या आयुष्याचं कौतुक करतात. मला त्या पायपिटीचं जास्त वाटतं.

तुला तहसीलदार व्हायचंय, पण तहसीलदाराचा दिवस तू पाहिलायस का? गाडी आणि पाटी सगळ्यांना दिसते. फेरफाराच्या तक्रारी, अवकाळीनंतरचे नुकसानीचे पंचनामे, दाखल्यासाठी चौथ्यांदा आलेली म्हातारी, भाऊबंदकीत सातबारा घेऊन भांडणारी माणसं, हे खरं काम. हे बघून तुला कंटाळा आला, तर पद मिळूनही तू सुखी होणार नाहीस. आणि त्या म्हातारीचं काम आजच्या आज व्हावं असं आतून वाटलं, तर अभ्यासाला गजराची गरज कमी लागेल.

आणखी एक, जरा कडू. किती वर्षं देणार ते आजच ठरव आणि ताईला, दाजींना सांगून टाक. सदाशिव पेठेत ‘अजून एकच अटेम्प्ट’ म्हणता म्हणता तिशी ओलांडलेली पोरं तूच मला दाखवली होतीस. मुदत ठरवणं म्हणजे हार नव्हे. आईबापांच्या पैशाचा हिशेब ठेवणं हीसुद्धा शिस्तच.

दिवाळीला चार दिवस आधीच ये. आपल्या तहसील कचेरीत सकाळपासून बाकावर बसू, कुणाला काही विचारायचं नाही, नुसतं बघायचं. एसटीचं आरक्षण मात्र आत्ताच कर. त्या आठवड्यात दापोलीच्या गाड्यांना उभं राहायलाही जागा नसते.

तुझा,
मामा