कुंडी फेकू नकोस, आधी पान उलटून बघ

अगं, कुंड्यांतल्या माशांना कंटाळून आखाजीला माहेराहून नेलेली जास्वंद फेकायला निघालीस? काल फोनवर तुझं ते ऐकलं आणि जीव तुटला माझा. देवपूरच्या एवढ्याशा गॅलरीत तू ती किती मायेनं जगवलीस, मी पाहिलंय. थोडी थांब.

उद्या सकाळी एक कर. एकेका कुंडीला हलका धक्का दे आणि माशा कुठून उठतात ते बघ. मातीतून काळी, डासासारखी बारीक उठली, तर ती चिलटं. पानांमागून पांढऱ्या भुकटीसारखा थवा उडाला, तर ती पांढरी माशी. तू दोन्हींना एकच समजून पानांवर साबणाचं पाणी मारत बसलीस. मग मनी प्लांटमधली चिलटं कशी हटतील? त्यांचं घर मातीत आहे.

चिलटांचं मूळ आपल्या पाणी घालण्यात असतं. उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो तेव्हा आपण दोन-दोन वेळा पाणी घालतो, आणि श्रावण आला तरी हाताची सवय तीच राहते. वरची माती ओलीच राहते, तिला बुरशी धरते, चिलटं तिथेच अंडी घालतात. अळ्या ती बुरशी खातात आणि कोवळी मुळंही कुरतडतात. त्यातून तू चहाचा चोथा टाकतेस. तो आजपासून बंद. बोट दोन पेरं मातीत घालून बघ, कोरडं लागलं तरच पाणी दे. खालच्या ताटलीतलं पाणी ओतून टाक. वर बोटभर जाडीचा कोरड्या वाळूचा थर दिलास तर फारच छान. खात्री करायची असेल तर बटाट्याची चकती मातीवर ठेव आणि दोन दिवसांनी उलट. काळ्या डोक्याच्या पांढऱ्या अळ्या तिला लागलेल्या दिसतील. ती चकती तशीच पिशवीत बांधून फेक.

जास्वंदीचं दुखणं वेगळं. जास्वंद, कापूस, भेंडी ही एकाच कुळातली, म्हणून कापसावरची पांढरी माशी हिच्यावरही बसते. ती पानाच्या पाठीमागून रस शोषते, तिच्या चिकट्यावर काळी बुरशी चढते. तुझी पानं काळवंडली ती त्यामुळेच. शेतात लावतात ते पिवळे चिकट सापळे कृषी सेवा केंद्रात मिळतात. नाहीतर पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल चोपडून काडीला अडकव. पण सापळ्यात उडती माशीच सापडते, अंडी आणि पिल्लं पानामागेच राहतात. त्यासाठी निंबोळी अर्क. 50 ग्रॅम निंबोळीची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजव, फडक्यानं गाळ, चिमूटभर साबणाचा चुरा घाल आणि संध्याकाळी पानं उलटी करून खालून फवार. आठवड्यानं पुन्हा, आणि त्यानंतरच्या आठवड्यात पुन्हा. अंड्यापासून माशी व्हायला तीनेक आठवडे लागतात, म्हणून एका फवारणीनं भागत नाही. पहिल्या आठवड्यात फरक दिसला नाही तर रडू नकोस, सोडूही नकोस.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. भावजींच्या शेतातलं उरलेलं कापसाचं औषध घरात आणू नकोस, थेंबभरही नाही. 2017 साली यवतमाळकडे कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी गेले, तेही उघड्या रानात. तुझ्या गॅलरीत तर बाळ रांगतंय, शेजारीच तुळस आहे, तिचं पान तुम्ही चहात टाकता. तुळशीवर निंबोळीही नको. नुसत्या पाण्याच्या फवाऱ्यानं पानं मागून धू.

जास्वंदीची फार काळवंडलेली पानं खुडून टाक आणि फूटभर छाटणी कर. बोडकी दिसेल थोडे दिवस, सासूबाई काही म्हणतील, म्हणू दे. राखीला येताना रिकामा डबा आण. पाऊस लागायच्या सुमारास अंगणातल्या लिंबाखालच्या निंबोळ्या वेचून सावलीत वाळवल्यात मी, तुझ्यापुरत्या कुटून ठेवते.